उडून गेलेले पाणी

पट्टी उलट्या बाजूला वळली. प्रथम त्याला वाटले, की आपलीच नजर चुकली असावी. उभे राहून वरून पाहताना डावे-उजवे कधी कधी फसवते. म्हणून त्याने स्टूल ओढले, हनुवटी टेबलाच्या कडेशी आणली आणि काचेच्या उथळ भांड्यात बाजूने डोकावून पाहिले. करंगळीएवढी लांब, पारदर्शक, जेलीसारखी मऊ अशी ती पट्टी खाऱ्या पाण्यात चिमट्याला टांगलेली होती. तिच्या दोन बाजूंना कोळशाच्या दोन कांड्या होत्या, एक धन, एक ऋण. इतके महिने विजेचा प्रवाह सुरू करताच वळली तर निमूटपणे धन कांडीकडेच वळत आलेली ती पट्टी आज, झोपेत एखाद्याने कूस बदलावी तशी, सावकाश ऋण कांडीकडे वळत होती. त्याने प्रवाह बंद केला. पट्टी हळूहळू सरळ झाली. पुन्हा सुरू केला. पुन्हा तीच कूस. त्याला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. वाटले ते इतकेच, की मागून कुणीतरी हलक्या आवाजात आपल्याला हाक मारली आहे आणि तो आवाज ओळखीचा आहे.

"तारा कुणी उलट्या लावल्या?" त्याने दारातून डोके बाहेर काढून विचारले. शेजारच्या खोलीत भिंतींच्या रंगांवर काम करणारी त्याची सहकारी होती. उभ्या संस्थेत त्याच्याशी वाद घालण्याची हौस आणि दमसास दोन्ही असलेली ती एकटीच. तिनेच त्याचे नाव 'वकील' पाडले होते. "भुतांनी," ती मान वर न करता म्हणाली. "वकीलसाहेब, तुमच्या टेबलाला हात लावायची माझी काय बिशाद! मागे पेन उचललं तर पाऊण तास उलटतपासणी झाली होती." त्याने तारा तपासल्या. त्या जिथल्या तिथे होत्या. मग त्याने मुद्दाम त्या उलट्या लावल्या, तेव्हा पट्टी आज्ञाधारकपणे दुसऱ्या बाजूला वळली, म्हणजे पुन्हा ऋण कांडीकडेच. तारा निर्दोष होत्या. जे काही बदलले होते ते तारांमध्ये नव्हते.

वास्तविक त्या पट्टीत पदार्थ असा फार थोडा. बाकी सगळे पाणी. लांबच लांब रेणूंच्या धाग्यांची एक जाळी, आणि जाळीने धरून ठेवलेले पाणी. धाग्यांवर ऋण भार पक्के चिकटलेले असतात, त्यांना जागचे हलता येत नाही. त्यांच्या जोडीचे धन भार मात्र पाण्यात मोकळे हिंडतात. प्रवाह सुरू झाला, की हे मोकळे भार एकीकडे ओढले जातात, त्यांच्यामागून पाणी सरकते, पट्टीची एक बाजू फुगते, दुसरी आकसते, आणि पट्टी वाकते. हे त्याने एकदा घरी आईला समजावून सांगितले होते, वडील होते तेव्हा. "थोडक्यात काय, तर आम्ही पाण्याला उभं राहायला शिकवलंय," असा त्याने मोठ्या ऐटीत समारोप केला होता. त्यावर आई म्हणाली होती, "मग आता बसायलाही शिकवा. बिचारं किती वेळ उभं राहील?" आणि वडील लगेच उसळले होते, "पाणी बसलेलंच असतं. उभं करणं कठीण. तुला पदार्थविज्ञानातलं काय कळतं?" "तुम्हाला कळतं तेवढं," आई म्हणाली होती. त्यावरून तासभर जुंपली होती. तेव्हा त्याला या दोघांची लाज वाटली होती. आता, स्टुलावर बसून, कूस बदललेल्या पट्टीकडे पाहताना, त्याला तो तास लख्ख आठवला. आणि हेही ध्यानात आले, की वडील गेल्यापासून घरात तसा एकही तास झाला नाही.

'कूस' हा शब्द आपल्याला पट्टीच्या संदर्भात का सुचला, याचा त्याने विचार केला. कारण विनाकारण सुचणाऱ्या शब्दांवर त्याचा विश्वास नव्हता. उत्तर फार दूर नव्हते. आईची खुर्ची पूर्वी दाराच्या समोर असे. तो कामावरून आला, की किल्लीचा आवाज होताच तिचे तोंड दाराकडे वळे, आणि त्याने चपला काढण्यापूर्वीच तिचा पहिला प्रश्न येई. प्रश्न कसला, आरोपच. "छत्री विसरलास ना?" किंवा "आज पुन्हा तो निळा सदरा?" गेल्या काही महिन्यांत, नक्की कधी ते कुणालाच सांगता येणार नाही, खुर्ची थोडी थोडी करत खिडकीकडे फिरली होती. आता किल्ली वाजली, की आई वळे ती खिडकीकडे, जणू कुणी तिचे तिथले काम अर्धवट सोडायला सांगितले आहे आणि ते तिला सोडायचे नाही. खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. समोरच्या इमारतीची मागची बाजू, पाइप, वाळत घातलेले कपडे. आणि परवा, भाजी निवडता निवडता, तिने सांगून टाकले होते, "मी ताईकडे राहायला जाते. ती रविवारी येतेय न्यायला."

"किती दिवस?" त्याने विचारले होते.

"दिवस कसले? राहायला म्हटलं ना."

"आई, इथे काही कमी पडतंय का?"

"कमी? छे. इथे काहीच कमी नाही," असे म्हणून ती खिडकीकडे वळली होती. हे 'काहीच कमी नाही' तिने कौतुकाने म्हटले नव्हते, उपरोधानेही नव्हते. चांगल्या दवाखान्यातून बाहेर पडताना माणसे ज्या स्वरात आभार मानतात, तो स्वर तिला लागला होता. तो रात्रभर त्या स्वराचा अर्थ लावत राहिला. आई जाणार, याचे दुःख त्याला होतेच. पण ती का जाते हे न कळताच ती जाणार, हे त्याला असह्य होते. ताई, म्हणजे त्याची मोठी बहीण, तोंडाळ होती. तिच्या घरी दारे आपटत, दूरदर्शन मोठ्याने चाले, जेवणाच्या टेबलावर कुणी कुणाचे वाक्य पुरे होऊ देत नसे. आणि त्याच्या घरी? त्याच्या घरी आईच्या उशीचा अभ्राही तिला विचारल्याशिवाय बदलत नसत.

त्याने पट्टी चिमट्यातून सोडवली. बारकाईने पाहिल्यावर ती पूर्वीपेक्षा बारीक वाटली, अंगाने थोडी आटल्यासारखी. हे त्याच्या नजरेला आज प्रथमच आले असे नव्हे. त्याने त्याला 'वय' म्हटले होते. आणखी एक गोष्ट होती. उलटी वळण्यापूर्वीचे बरेच दिवस तिचे वाकणे कमी कमी होत गेले होते, आणि मधल्या काही दिवसांत तर ती कुठेच वळत नव्हती, प्रवाह कितीही द्या, नुसती स्तब्ध. त्याला त्याने 'थकवा' म्हटले होते. वय आणि थकवा. आता हे दोन्ही शब्द त्याला संशयास्पद वाटू लागले. कुणाच्याही बाबतीत कारण सापडेनासे झाले म्हणजे आपण हेच दोन शब्द पुढे करतो, असे त्याच्या मनात आले; आणि हे वाक्य नेमके कुणाविषयी आहे, हा प्रश्न त्याने तूर्त बाजूला ठेवला. प्रथम पट्टी. त्याने कपाटातून त्याच साच्यातली एक कोरी पट्टी काढली, जुन्याच भांड्यात टांगली, तिला पाण्याची सवय होऊ दिली आणि प्रवाह सुरू केला. जिने आयुष्यात कधी वीज पाहिली नव्हती, ती पट्टीसुद्धा ऋण कांडीकडे वळली. तो चकित होऊन पाहत राहिला. मग त्याने दुसरे भांडे धुतले, ताजे द्रावण ओतले, जुनी पट्टी त्यात भिजू दिली, आणि दुपारच्या चहानंतर येऊन पाहिले, तर ती पुन्हा भरल्या अंगाची झाली होती. प्रवाह देताच ती पूर्वीसारखी, काही घडलेच नाही अशा थाटात, धन कांडीकडे वाकली. पट्टी निर्दोष होती. ती थकली नव्हती, म्हातारी झाली नव्हती. बदलले होते ते पाणी.

"पाण्यात मीठ वाढलंय. पट्टीच्या आतल्यापेक्षा बाहेर भार जास्त झाले, की फुगणारी बाजूच उलटते," तो शेजारच्या दारात जाऊन म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, हे त्याला स्वतःलाच विचित्र वाटले. सहकारी खुर्ची फिरवून म्हणाली, "वाढणारच. भांडं उघडं. पाणी उडतं, कांड्यांवर बुडबुडे येतात त्यातूनही जातं. मीठ कुठे जाणार? तुम्ही वरून काय घालता?"

"तेच द्रावण."

"मीठ घातलेलं?"

"अर्थात. तेच ते."

तिने चष्मा काढला आणि कपाळाला हात लावला. "मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, साधं पाणी घाला. आठवतं का? तुम्ही मला इथे उभं करून तीन मुद्द्यांत गप्प केलंत."

त्याला आठवले, मुद्द्यांसकट. साधे पाणी थेट पडले तर पट्टी त्या जागी एकदम फुगते आणि चिरते, हा पहिला. भांड्यात जे आहे तेच घातले तर भांड्यात काहीच बदलणार नाही, हा दुसरा. आणि काळजी घ्यायचीच तर ती पूर्ण घ्यावी, हा तिसरा. तो खरे म्हणजे मुद्दा नव्हता, तो स्वभाव होता. दुसऱ्या मुद्द्यावर त्याला विशेष अभिमान वाटला होता. त्यात फट दिसत नव्हती. सारख्यात सारखे मिसळले, तर उरणार सारखेच. आज ती फट एवढी मोठी दिसत होती, की तिच्यातून एखादा माणूस सहज आत-बाहेर करील. उडून जे गेले ते निव्वळ पाणी. तो भरत होता मीठ आणि पाणी. जे गेले ते भरायचे असते. जे उरले आहे तेच पुन्हा भरायचे नसते. पातळी मात्र रोज काठोकाठ, खुणेशी अगदी बरोबर. पातळी बरोबर आहे एवढे पाहून तो रोज समाधानाने भांड्यापासून उठला होता.

"हरलात म्हणून तोंड एवढं काय पाडता?" ती म्हणाली.

"हरलो त्याचं काही नाही," तो म्हणाला, आणि परतला.

संध्याकाळी घराकडे चालताना तो स्वतःशी कडाक्याने भांडत होता. माणूस म्हणजे पट्टी नव्हे, हे त्याचे पहिले प्रतिपादन. एका गोष्टीसारखी दुसरी दिसली, की तीच आहे असे मानणे हा आळशी मनाचा धंदा आहे. असल्या तुलना करणाऱ्यांची त्याने आयुष्यभर टर उडवली होती. मान्य. पण प्रयोगाची रीत ही काही पट्टीची खासगी मालमत्ता नव्हे. जुनी पट्टी ताज्या भांड्यात घालून पाहणे, कोरी पट्टी जुन्या भांड्यात घालून पाहणे, ही विचार करायची पद्धत आहे, आणि ती घरात वापरायला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. तर मग: जुनी पट्टी, ताजे भांडे. मागे आई काही दिवस ताईकडे राहून आली होती. ताईने फोनवर तक्रार केली होती, "अरे, तुझी आई माझं डोकं खातेय. काल पडद्यांच्या रंगावरून माझ्या सासूशी वाजलं तिचं. दोघी जेवल्या नाहीत, आणि मग दोघींनी मिळून सगळा चिवडा संपवला." तो ऐकून हसला होता, आणि म्हणाला होता, की हवापालटाने तिला हुशारी आली असेल. हवापालट! म्हणजे वय आणि थकवा यांचाच तिसरा भाऊ. आता, कोरी पट्टी, जुने भांडे. बायकोचे एक मामा मुक्कामाला आले होते. रस्त्यावरच्या खांबाशीही गप्पा मारतील असे गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी घर डोक्यावर घेतले. तिसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरून बसले होते, आणि बायकोने "मामा, बरं नाही का?" असे विचारल्यावर दचकून म्हणाले होते, "नाही गं, इथे मोठ्यानं बोलावंसंच वाटत नाही." तेव्हा दोघा नवराबायकोंनी ही स्तुती समजून मनात जपून ठेवली होती. तो फुटपाथवर थांबला. मागून येणारा एक जण त्याच्यावर आदळता आदळता वाचला आणि पुटपुटत पुढे गेला. दोन्ही प्रयोग घरात केव्हाच होऊन गेले होते. निष्कर्ष तेवढे कुणी काढले नव्हते.

मग उडून काय गेले होते? वडील, हे उत्तर सोपे होते आणि त्यामुळेच अपुरे होते. वडील दुकानांतले वजनकाटे तपासणारे सरकारी अधिकारी. दुसऱ्याचे चुकते आहे असे धरूनच ते घराबाहेर पडत, आणि तेच धरून घरी परतत. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून, दिवसभर, अनोळखी माणसांची बोलणी दोरीने एकमेकांना जोडत ती 'जी, जोडते', 'थांबा हं', 'माफ करा' असली गोड वाक्ये म्हणत असे. अशी दिवसभर गोड बोललेली बाई घरी आल्यावर तिला कुणाला तरी खणखणीत 'नाही' म्हणायचे असे. आणि त्या 'नाही'ला तितकाच खणखणीत 'का नाही?' घरात तयार असे. भाताला पाणी किती, खिडकी उघडी की बंद, शेजाऱ्यांचा मुलगा हुशार की आगाऊ. त्या भांडणांना काही चव नव्हती, रंग नव्हता, त्यातून कधी काही निष्पन्न झाले नाही. ते साधे पाणी होते. ते गेले, आणि त्याने व त्याच्या बायकोने एकमताने ठरवले, की आता आईला कशाने दुखवायचे नाही. तिच्या म्हणण्याला 'नाही' म्हणायचे नाही. ती गप्प झाली, तेव्हा त्यांनी आणखी हळू बोलायला सुरुवात केली. ती आणखी गप्प झाली, तेव्हा रेडिओ लहान केला, मऊ उशी आणली, कोपऱ्यातली पायाला लागणारी तिवई काढून टाकली. पातळी बरोबर खुणेशी राखली. रोज थोडी काळजी, आणि मग त्या काळजीत आणखी थोडी काळजी.

घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघराचे दार लोटून बायकोला हे सगळे सांगितले, भांड्यापासून मामांपर्यंत. ती शाळेत भूगोल शिकवत असे, आणि लांबलचक विवेचन संपेपर्यंत शांत राहण्याचा तिला सराव होता. "म्हणजे आता काय करणार?" तिने विचारले.

"भांडायला हवं तिच्याशी."

"कशावरून?"

"कशावरूनही. विषय गौण आहे."

बायकोला हसू आवरेना. "तुम्ही ठरवून भांडलात ना, तर ते व्याख्यान होईल. त्यांना लगेच कळेल, की हेही औषधच आहे. नवीन बाटलीतलं." तो वाद घालणार होता, पण तिचे म्हणणे खरे होते. मुद्दाम ओतलेल्या पाण्याने पट्टी चिरते. हा त्याचा पहिला मुद्दा शेवटी अगदीच टाकाऊ नव्हता. प्रयोगशाळेतून निघण्यापूर्वी त्याने त्यावर तोड काढली होती, भांड्याच्या दूरच्या कोपऱ्यात एकेक थेंब सोडण्याची. घरात दूरचा कोपरा कुठला, हे मात्र त्याला शनिवारी दिवसभर सापडले नाही. आई कपाटातून साड्या काढून घड्या घालत होती. त्याने दोनदा तोंड उघडले. एकदा म्हणाला, "ही बॅग लहान पडेल," तेव्हा ती म्हणाली, "बरं, मोठी दे." दुसऱ्यांदा म्हणाला, "तिकडे थंडी फार असते," तेव्हा ती म्हणाली, "असेल." हे 'असेल' तिच्या तोंडी किती मुरले आहे, ते त्याला त्या दिवशी ऐकू आले. कुठल्याच बाजूला न वळणारा शब्द.

रविवारी सकाळी बॅग दाराशी उभी होती. ताई जेवायच्या वेळेपर्यंत येणार होती. तिघे टेबलाशी नाश्ता करत होते. आई एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मधे बायको. कुणीच बोलत नव्हते, म्हणून आणि आता यापुढे असे बसणे होणार नाही म्हणून, त्याला ती जुनी आठवण सांगावीशी वाटली. ती त्याने आजवर अनेकदा सांगितली होती. पट्ट्यांच्या आणि तारांच्या या धंद्यात तो का पडला, असे कुणी विचारले, की तो तीच सांगे. "आई, मला ते एक्स्चेंज अजून दिसतं. मी उंच स्टुलावर, तुझ्या शेजारी. समोर भोकांच्या रांगाच रांगा. एवढासा हिरवा दिवा लागायचा, की कुणाला तरी बोलायचंय. आणि तुझा हात असा जायचा, पितळी टोकाची दोरी घेऊन, आणि दिवा विझायचा. मला वाटायचं, तूच त्याला गप्प केलंस."

"असेल," आई म्हणाली, आणि पावाचा तुकडा मोडला.

"असेल म्हणजे?" तो म्हणाला. हे त्याने ठरवले नव्हते. "असेल काय, आई? होतं की नव्हतं?"

बायकोचा चमचा बशीत थांबला. आईने खिडकीकडे पाहिले, मग बशीकडे. "नव्हतं," ती म्हणाली.

"काय नव्हतं?"

"काहीच नव्हतं. मी तुला तिथे कधी नेलंच नाही. मुलांना आत सोडत नसत. दारावर एक बाई बसायची, तिच्या समोरून मांजरही गेलं नसतं. आणि दिवे पांढरे होते."

आता हा प्रयोग राहिला नव्हता, हे त्याला अंधुकपणे कळले. विषय गौण राहिला नव्हता. "हे शक्य नाही," तो म्हणाला. "स्टुलाचा एक पाय डुगडुगायचा. ते मला कसं ठाऊक असेल?"

"स्टूल नव्हतंच तिथे. फिरत्या खुर्च्या होत्या आम्हाला."

"तापलेल्या रबराचा वास यायचा."

"तो तुझ्या बाबांच्या स्कूटरचा. हे सगळं त्यांचं. ते सांगायचे लोकांना, 'आमचा मुलगा एवढासा होता, तर आईच्या शेजारी बसून लाइनी जोडायचा.' त्यांनी स्वतः त्या इमारतीत कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही. मी दर वेळी सांगायची, असं काही झालं नाही, आणि ते म्हणायचे, तुला काय आठवतंय! ते भांडण तू ऐकायचास. अर्धंच ऐकलंस. त्यांचं तेवढं लक्षात ठेवलंस."

"मग बाबा गेल्यापासूनही मी हे सांगतोय, तू का नाही बोललीस?"

"कुणाशी बोलू?" आईने बशी बाजूला सारली. "मी 'नाही' म्हटलं, की तू 'बरं' म्हणतोस. ही 'बरं' म्हणते. माझं 'नाही' खाली पडतं आणि त्याचा आवाजसुद्धा होत नाही. पुढे पुढे मीच म्हणायचं सोडलं. चाळीस माणसांचं बोलणं एका वेळी कानात असायचं माझ्या. आणि इथे तुम्ही चमचासुद्धा वाजू देत नाही."

"तुला त्रास होऊ नये म्हणून—"

"होऊ दे की! मला काय काचेचं समजतोस? तिवई काढलीस. ती तिवई रोज पायाला लागायची आणि मी रोज तिला शिव्या द्यायची. तेवढंच बोलणं व्हायचं दिवसातून."

बायकोने ओठ घट्ट मिटून घेतले होते. ती हसते आहे की रडते आहे, हे कळत नव्हते. तो मात्र तिच्याकडे पाहत नव्हता. आईच्या शब्दांतला खरेपणा त्याला पोचला होता, आणि त्यावर 'चुकलं माझं' असे म्हणणे अगदी ओठांवर आले होते. पण ते पुन्हा एक 'बरं'च झाले असते. शिवाय, त्याने कितीही न्यायबुद्धीने पाहिले तरी, त्या हिरव्या दिव्यावरचा हक्क सोडायची त्याची तयारी नव्हती. स्टूल गेले तर जाऊ दे. वास गेला. दारावरची बाई मान्य. "पण दिवा हिरवा होता," तो म्हणाला.

"पांढरा!"

"अगं, मला दिसतोय तो."

"तुला दिसेल नाहीतर काय! डोळे मिटून बघतोयस. मी उघड्या डोळ्यांनी बघितलाय, आयुष्यभर. पांढरा, दुधी काचेचा, हरभऱ्याएवढा."

"हरभऱ्याएवढा हे बरोबर. मीही हेच म्हणत आलोय. आता हरभऱ्याएवढा हे मला कुणी सांगितलं? बाबा आत गेले नव्हते ना?"

आई क्षणभर अडली. तिने ते लपवायचाही प्रयत्न केला नाही. तिच्या डोळ्यांत, फार दिवसांनी, अडल्याचा तो जुना चमचमीत संताप आला. "मी सांगितलं असेल त्यांना. त्यांनी तुला."

"असेल?" तो म्हणाला.

"सांगितलं! मी सांगितलं! आणि पांढरा सांगितला!"

"बेल वाजवून वाजवून बोट दुखायला लागलं माझं," दारातून आवाज आला. दार नुसते लोटलेलेच होते. ताई आत येऊन उभी होती, एक हात कमरेवर, दुसरा आईच्या बॅगेवर. "आणि हे काय चाललंय? दोघं टेबलाच्या दोन टोकांना, आणि एवढे वाकलाय मधे, की नाकाला नाक लागेल. ऐकू येत नाही का तुम्हाला? बिचारी ही मधे बसलीय, तिच्या बशीत पडाल!"

तेव्हा त्याने पाहिले. त्याची छाती टेबलाच्या कडेवर टेकली होती, कोपरे पुढे सरकून पावाच्या चुऱ्यात गेली होती. आणि समोर आई, खुर्चीच्या पाठीपासून पार सुटलेली, त्याच्याच दिशेने वाकलेली, तोंड थेट त्याच्या तोंडासमोर. खिडकी तिच्या पाठीमागे राहिली होती. कुणी कुणाला ओढले, आणि आधी कोण वळले, हे सांगण्याच्या परिस्थितीत तो मुळीच नव्हता. आणि हे न कळण्याचे त्याला, कदाचित प्रथमच, नवल वाटले, वाईट वाटले नाही.

"ती बॅग राहू दे तिथेच," आई जराही मागे न सरता म्हणाली. "तू आधी इकडे ये. हा शहाणा म्हणतो हिरवे, मी म्हणते पांढरे. तू सांग. एक्स्चेंजमधले दिवे कुठल्या रंगाचे होते?"

ताईने पर्स टेबलावर टाकली, खुर्ची खर्रकन ओढली आणि भावाच्या बशीतला पावाचा तुकडा उचलून तोंडात घातला.

"लाल," ती म्हणाली, आणि ते दोघेही एकदम तिच्याकडे वळले.